विहीणबाईंना पोस्टात जायचंच नव्हतं

लोधिवली, पोस्ट चौक, ता. खालापूर
शनिवार, भात झोडून हातपाय धुतल्यावर

ती. रूपावन्संना मालनचा सप्रेम जयभीम.

तुम्ही, रुपेश आणि रुपेशचे बाबा, सगळी बरी असाल असं मी धरूनच चालते, कारण भिवपुरीची वाईट बातमी लोधिवलीला पोचायला अर्धा तास लागत नाही आणि तशी काही आलेली नाही. तुमच्या गुडघ्याला त्या कर्जतच्या वैद्याचं तेल लागू पडलं का? ह्यांच्या (म्हणजे तुमच्या भावाच्या) गुडघ्याला पडलं नाही. दोन दिवस चोळलं आणि तिसऱ्या दिवशी मागचं दार कुरकुरतं म्हणून सगळी बाटली बिजागरीत ओतली. दार आता छान आहे. तुम्ही म्हणाल, फोन सोडून मालनला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? तर घरात पोस्टाची बारा पाकिटं पडली आहेत. ती कशी आली ते पुढे येईलच, पण आली आहेत तर वापरायला नकोत का?

वन्सं, आपल्या जागृतीचं लग्न ठरतंय! ठरतंय म्हणजे तिचं तिनं ठरवलंय आणि आपल्याला कळवलंय. ती सिंगापूरच्या हॉस्पिटलात नर्स आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिथंच मशिनी दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, सुर्यो नावाचा. नाव ऐकून तुमचे बंधू खुशीत येऊन म्हणाले, सूर्या ना, मग आपल्याकडचाच असणार, नेरळकडचा का? तर तो निघाला इंडोनेशियाचा, जावा बेटावरचा. पण थांबा, घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. त्या देशात मुसलमान लोक जास्त, पण ह्याचं गाव डोंगरात आहे आणि ती सगळी वाडी बौद्ध आहे. शेतकरी माणसं, भात लावणारी. आता सांगा, इतकं सगळं जुळवून द्यायला आपण वधू-वर मंडळात नाव नोंदवलं असतं तरी मिळालं असतं का?

पण घोडं अडलं ते माझ्यापाशी. जागृती म्हणाली, आई, तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही, पण मग दुसरंही करणार नाही. (ही धमकी तिनं तुमच्या भावाकडून उचलली आहे, ते भेंडीबद्दल असंच बोलतात.) मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळ्याच गोष्टीची. व्हिडिओ कॉलवर त्या दोघांनी हसत हसत जाहीर केलं की आमच्या घरात इंग्लिशच बोलणार, मुलांशीसुद्धा, म्हणजे कुणावर अन्याय नको. मी फोन खाली ठेवला आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. म्हणजे उद्या माझं नातवंड माझ्यासमोर येऊन उभं राहणार आणि मी त्याच्याशी काय बोलणार? हॅलो आणि बाय? मी त्याची आजी की विमानातली बाई? तेव्हाच ठरवलं की मुलाच्या आईला पाहिल्याशिवाय माझ्या तोंडून हो निघणार नाही. मुलगा बघून काही कळत नसतं, लग्नाआधी सगळ्यांचीच मुलं गुणी असतात. बघायची ती विहीण. विहिणीशी तासभर बोलले की मला सगळं घर कळतं, हे तुम्हीही मान्य कराल.

आता बोलायचं कशात? त्यांना मराठी येणार नाही, मला त्यांचं काही येत नाही. राहिली इंग्लिश. म्हणून वन्सं, ह्या वयात मी खालापूरला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला! महिनाभर रोज लोधिवलीवरून एसटीनं गेले. शिकवायला कोण, तर चौकच्या इंदूबाईंची नात समीक्षा, परवापर्यंत ओट्यावर नाक ओढत बसायची ती. आता तिला मॅडम म्हणायचं. मी म्हटलं. बाकावर माझ्या शेजारी दहावी नापास झालेली चार पोरं होती, ती मला काकी म्हणायची आणि माझ्याच वहीतलं बघून लिहायची. धडे चार होते. विमानतळावर, बँकेत, पोस्टात आणि डॉक्टरकडे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. अर्थ मला सगळाच लागत होता असं नाही, पण पाठांतरात मालन कुणाला ऐकणार नाही. भात कापताना मी विमानतळ म्हणायची, म्हशीचं दूध काढताना बँक. म्हशीलासुद्धा ‘हाऊ मे आय हेल्प यू’ कळायला लागलं होतं.

जागृती आधीच घरी आली होती, सुर्यो आणि त्याचे आईबाप आले बुधवारी. आमचा सुमित मित्राची गाडी घेऊन विमानतळावर गेला, सामान मित्रानं मागून सुमितच्या टेंपोत आणलं. त्याआधी जागृतीनं आम्हाला ओळीनं बसवून तंबी दिली होती. बाबा, मोठ्यानं ढेकर नको. आई, त्यांच्यापुढे ओरडून हाक मारू नकोस. आणि प्लीज, सगळ्यांनी इंग्लिशमध्ये ट्राय करा, ऑकवर्ड नको व्हायला. (ही आपली पोर, वन्सं. एका वाक्यात तिचे तीन शब्द आपले असतात, तेही आई, बाबा आणि नको.) तिकडे सुर्योनं त्याच्या आईबापाला अगदी हीच तंबी दिली होती, हे मला नंतर कळलं. तर गाडीतून उतरली दोन माणसं, बुटकी, उन्हात रापलेली, हाताला घट्टे पडलेली. त्यांच्याकडे आईला इबू म्हणतात आणि बापाला बापाक. इबूंचं नाव सुलास्त्री, बापाकांचं वागिमान. अंगात इस्त्रीचे नक्षीदार कपडे, पण चपला काढल्यावर पावलं बघितली ना, टाचा माझ्यासारख्याच भेगाळलेल्या! मला तिथंच बरं वाटलं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

मग जी बैठक झाली ती देवाशप्पथ (बघा, सवय जात नाही) मी जन्मात विसरणार नाही. विहारातून आणलेल्या खुर्च्यांवर सगळे ताठ. बापाक म्हणाले, नाईस हाऊस. तुमचे भाऊ म्हणाले, थँक्यू, नाईस शर्ट. ते म्हणाले, थँक्यू. मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, नाईस फॅन. ह्यांना इतका आनंद झाला की उठून पंखा पाचवर केला, आणि त्या बिचाऱ्या इबू दीड तास कुडकुडत नाईस, नाईस म्हणत बसल्या. मी पांघरायला शाल देणार होते, पण शालीचा धडा झालेला नव्हता.

जे महत्त्वाचं होतं ते पोरांच्या मार्फत. त्याचीही गंमत ऐका. इबू बोलणार त्यांच्या गावच्या जावानीज भाषेत. सुर्यो शिकायला म्हणून लहानपणापासून जकार्ताकडे वाढलेला, त्याला ती अर्धीमुर्धीच येते. म्हणून बापाक ते इंडोनेशियन भाषेत सांगणार, ती त्यांच्या सगळ्या देशाची. सुर्यो त्याचं इंग्लिश करणार, जागृती मराठी करणार, मग ते माझ्याकडे येणार. पहिल्या दिवशी इबू माझ्याकडे बघून चांगली पाच मिनिटं बोलल्या, हात हलवले, छातीवर हात ठेवला, डोळ्यांना पाणी आलं. बापाकांनी ते दोन मिनिटांत सांगितलं. सुर्योनं अर्ध्या मिनिटात. जागृती माझ्याकडे वळून म्हणाली, आई, त्या म्हणतायत की नाईस. अगं बाई, एवढं रडून नाईस? बाकीचं कुठं सांडलं?

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. सकाळचा चहा झाला. इबू माझ्याकडे बघत होत्या, ओठ हलत होते, परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या. एकदम पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, “एक्स्क्यूज मी. व्हेअर इज द निअरेस्ट पोस्ट ऑफिस?” वन्सं! हा माझा धडा! तिसरा! माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. मी ताडकन म्हटलं, “गो स्ट्रेट अँड टर्न लेफ्ट आफ्टर द बँक.” इबूंचा चेहरा असा फुलला म्हणता! त्या म्हणाल्या, इज इट फार? मी म्हटलं, नो, इट इज ओन्ली फाइव्ह मिनिट्स वॉक. थँक्यू व्हेरी मच. यू आर वेलकम. एकही शब्द कुठे अडला नाही. जागृतीचा आ वासलेला. मी त्यांच्या हातावर टाळी द्यायची तेवढी बाकी होती.

आणि इथंच घात झाला, कारण तुमचे भाऊ उठले. पाहुण्यांना पोस्टात जायचंय आणि आपण बसलोय काय? सुमितनं टेंपो काढला. आता खरं सांगते, मला वाटलं, बाईंना काही पाठवायचं असेल, आपण कशाला विचारा. इबूंना वाटलं, इथं पाहुण्यांना पोस्ट दाखवायची रीत असेल, नाही कसं म्हणायचं. आणि नाही म्हणायचा धडा तर कुणाच्याच क्लासात नव्हता. त्यांच्याही वाडीत एक मास्तर येतो म्हणे, त्याच्याकडे अगदी हेच धडे! तर विहीण, व्याही, नवरा, नवरी, आम्ही दोघं, अशी सगळी वरात टेंपोतून चौकच्या पोस्टात. आत जाऊन सगळे उभे. काउंटरवरची बाई विचारते, काय पाहिजे? इबू माझ्याकडे बघतात, मी इबूंकडे बघते. शेवटी इबूंनी लाजेकाजेस्तव दहा पोस्टकार्डं घेतली, त्या दहा घेतात म्हटल्यावर आपण कमी कशाला म्हणून मी बारा पाकिटं घेतली, आणि दारात सगळ्यांचा फोटो काढला. पोस्टमास्तर मध्ये उभे आहेत. संध्याकाळी इबू कपाळाला हात लावून “डॉक्टर, आय हॅव...” एवढं म्हणतात तोच मी त्यांच्या हातात नाचणीची भाकरी ठेवली. आता हॉस्पिटलची वरात मला परवडणारी नव्हती.

त्या रात्री जेवणाआधी विहारात गेलो. त्रिसरण सुरू झालं आणि वन्सं, बापाक आणि इबू खणखणीत म्हणायला लागले! तेच पाली शब्द! चाल वेगळी, आपल्याहून संथ. तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी संपवून जिंकल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. पण मला भरून आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही सगळे एका वेळी एकच बोललो, आणि कुणी कुणाला त्याचं इंग्लिश करून सांगितलं नाही.

शुक्रवारी मी पहाटे उठून मागच्या खळ्यावर गेले. म्हटलं, पाहुणे असले म्हणून भात थोडंच थांबणार आहे? झोडलेलं भात पाखडत होते, तर मागे कुणीतरी उभं. इबू! चपला बाजूला काढून ठेवलेल्या. खाली वाकून त्यांनी एक दाणा उचलला आणि दातानं चावला. वाळलंय की ओलं आहे, ते बघायला! मी तेच करते, माझी सासू तेच करायची. मी पण एक चावला. दोघींचा कट्ट आवाज झाला आणि दोघी हसलो. मग त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. त्यांच्याकडचं गोल असतं वाटतं, पहिल्या झटक्याला सगळं तूस स्वतःच्या तोंडावर घेतलं. दुसऱ्या झटक्याला मनगट असं फिरलं की मी बघतच राहिले. आणि मग त्या बोलायला लागल्या, जावानीजमध्ये. मी बोलायला लागले मराठीत. उंदरांबद्दल बोललो, नवऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो, सुना काय करतात आणि काय नाही यावर तर पाऊण तास. मला त्यांचा शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मला घर कळलं, वन्सं. घर चांगलं आहे.

तिकडे बांधावर तुमचे भाऊ आणि बापाक यांनी वेगळाच धंदा मांडला होता. बापाकांनी डोक्यावर हात ठेवून म्हटलं, केपाला. हे म्हणाले, कपाळ! ते म्हणाले, बहासा. हे म्हणाले, भाषा! भूमीला बुमी, गावाला देसा, गुरूला गुरूच. ह्यांनी कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर यादी करायला घेतली, दुपारपर्यंत एकोणीस झाले. त्यात दोन ह्यांनी रेटून बसवलेत असा मला संशय आहे, पण आनंद बघून मी बोलले नाही.

दुपारी मी पोरांना खळ्यावर बोलावलं आणि जागृतीला सांगितलं, आता विहीणबाई जे बोलतील ते सगळं माझ्यापर्यंत आलं पाहिजे, आणि नाईस म्हणालीस तर बघ. मग इबू बोलल्या आणि ह्या खेपेला काही सांडलं नाही. त्यांची मोठी लेक जकार्तात असते. तिची दोन मुलं इंग्लिश शाळेत. घरात इंग्लिश, मॉलमध्ये इंग्लिश, पाट्या इंग्लिश, इंडोनेशियन परीक्षेपुरती, आणि जावानीज तर मोलकरणीची भाषा. सुट्टीत गावी येतात. त्यांच्याकडे थोरांशी बोलायची भाषाच निराळी असते म्हणे, आपल्या अहो-जाहोच्या चारपट वरची. आणि ती पोरं आजीला म्हणतात, यू. रागावून नाही, त्यांना दुसरं येतच नाही. इबू जेवायला हाक मारतात, पोरं मोबाईलमधून मान वर करत नाहीत, कारण हाकेचा अर्थ कळत नाही. आणि मग इबू म्हणाल्या की क्लास मी तुमच्यासाठी नव्हता लावला. नातवंडांशी बोलता यावं म्हणून लावला. पण मास्तर पोस्ट ऑफिसच शिकवतो. नातवंडांना काय विचारू, पोस्ट ऑफिस कुठं आहे?

हे सांगताना जागृतीचा आवाज फुटला, सुर्यो खाली बघत होता, आणि मी इबूंचा हात धरून भोकाड पसरलं. मग डोळे पुसले आणि उभी राहिले. म्हटलं, ऐका रं दोघं. इंग्लिशला मी शिव्या देत नाही, तिनं माझ्या पोरीला नोकरी दिली, नवरा दिला. तुम्ही आपसात खुशाल बोला. पण पोर झालं की ते माझ्याशी मराठी बोलेल आणि इबूंशी जावानीज, आणि हे कबूल असेल तरच माझा हो. बापाक मध्येच म्हणाले, आणि इंडोनेशियन? बाकीच्या देशाशी ते कशात बोलेल? म्हटलं, बरं, तीही घ्या. सुर्यो म्हणाला, मूल कन्फ्यूज होईल. मी म्हटलं, तुझा बाप दोन बोलतो, तू अडीच, कोण गोंधळलंय इथं? इबूंना हे पोचायला मध्ये तीन माणसं लागली, पण पोचल्यावर त्यांनी सूप डोक्यावर धरून एक गिरकीच घेतली! पोरांनी कबूल केलं. मी हो म्हटलं. लग्न डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आपल्या विहारात. जिंकले की नाही मी?

सगळ्यांना जयभीम, रुपेशला आशीर्वाद. तुमची भावजय,
मालन

ता. क. पत्रिका छापून येईलच, पण तुम्ही पत्रिकेची वाट बघू नका. व्याही उद्या रविवारी परत गेले की जागृती आणखी तीनच दिवस इथं आहे, म्हणून हे पाकीट पोस्टात न टाकता सुमितच्या हाती पाठवते.

ता. क. दुसरा. वर मी जिंकले असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. कबुली झाल्यावर इबूंनी होणाऱ्या नातवंडासाठी त्यांचं अंगाईगीत म्हणून दाखवलं, आणि मग तीन माणसांमधून निरोप आला, आता तुमचं म्हणा. जागृतीही बघायला लागली. मी म्हटलं, घसा बसलाय. वन्सं, माझा घसा कधी बसलाय का? लोधिवलीतून हाक मारली तर चौकात ऐकू जाते. मला अंगाई येत नाही. मी कधी म्हटलीच नाही. म्हणायच्या तुम्ही, जागृतीला पायावर घेऊन. आणि ती इंग्लिश शाळेत गेली, तिथं तिच्या बोलण्याला पोरं हसली, तेव्हा मीच तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं होतं की वन्सं, तुमचं हाय-नाय पोरीच्या तोंडात बसतंय, तिच्याशी बोलत जाऊ नका. तुम्ही चहा संपवला, कप धुऊन पालथा ठेवला आणि निघालात. त्याला तेवीस वर्षं झाली. कार्याला येता, जेवता, जाता, पण पोरीशी ‘बरी आहेस का’ याच्यापलीकडे बोललेल्या नाहीत. इबूंची नातवंडं मी घरात आधीच तयार करून ठेवली होती. हे मला खळ्यावर उभं असताना कळलं, आणि रडले ती त्यासाठी.

ता. क. तिसरा. वन्सं, ह्ये माज्या तोंडचं लिवते, सुदारून लिवायचं नाय. तुमी या. मंगळवारच्या आत या. पोर काल मला इचारत व्हती, आत्या काय म्हनायची गं, मला चाल याद हाय, सबूद याद नाय. मला तरी कुटं याद हाय? तुमी तिला जवळ घ्या, हाय म्हना, नाय म्हना, तुमाला वाटंल तसं बोला. मी मदी तोंड घालनार नाय. आन् तिला शिकवून झालं की लगेच निगू नका, वन्सं. मलाबी शिकवा.